जिभेची गाठ आणि घराची भाषा

आमच्या निलंग्यात मोहल्ल्यातलं पाच वर्षांचं पोर दिवसभरात किती भाषांतून फिरून येतं, याचा हिशेब कधी मांडून बघा. सकाळी उठल्या उठल्या ते दादीकडं पाणी मागतं ते दखनीत, ‘पानी होना’ म्हणून. अंगणवाडीतल्या ताईंशी मराठीत बोलतं. संध्याकाळी मकतबात अरबी कायदा वाचतं आणि हाफिजसाब त्याला सबक समजावतात ती जरा पुस्तकी उर्दू असते. घरी टीव्हीवर हिंदी कार्टून चालू असतं. अब्बांबरोबर औराद शहाजानीच्या बाजारला गेलं तर तिथं कन्नडही कानावर पडते, कारण कर्नाटकाची हद्द तिथून अगदी जवळ.

आम्हाला यात कधी काही विशेष वाटलं नाही. आमच्या नान्या-दाद्या निजामाच्या राज्यात अशाच वाढल्या. सरकारी कागद उर्दूत, शेतातलं बोलणं मराठीत आणि चुलीपुढचं दखनीत. पण एखादं मूल वेळेवर बोललं नाही, की पहिला आळ याच भाषांवर येतो. ‘इतक्या भाषा कानावर पडल्यावर पोर गोंधळणारच,’ असं शेजारी म्हणतात, शिक्षक म्हणतात आणि कधीकधी डॉक्टरही म्हणतात. आज मला या आळाबद्दल लिहायचं आहे. गेल्या वीस वर्षांत देशोदेशीच्या संशोधकांनी तो तपासून पाहिला आहे. त्यांना जे सापडलं ते आमच्या घरांपर्यंत अजून पोचलेलं नाही, आणि त्याची किंमत लहान मुलं मोजतात.

बोलण्यात अडचण असलेल्या मुलांसाठी आपल्याकडं शब्दांची कमी नाही. मराठीत बोबडा, तोतरा, मुका. आमच्याकडं तोतला, हकला, गूंगा. हे सगळे शब्द जिभेचा नाही तर कानाचा दोष सांगतात. पण आणखी एक प्रकारचं मूल असतं. त्याला नीट ऐकू येतं. जीभ, टाळू, ओठ सगळं ठीक असतं. पतंग उडवण्यात, गोट्या खेळण्यात ते कुणाला हार जात नाही. तरी त्याला शब्द उशिरा येतात, आलेले टिकत नाहीत, वाक्य जुळत नाही. ‘चप्पल घाल आणि दुकानातून साखर आण’ म्हटलं तर चप्पल घालून ते दारातच उभं राहतं. अशा मुलासाठी आपल्याकडं शब्द नाही. म्हणून त्याला भोळा म्हणतात, आळशी म्हणतात, नाही तर जिद्दी म्हणतात.

इंग्रजीत उलटी अडचण होती. तिथं अशा मुलांसाठी इतकी नावं होती की एका डॉक्टरचं निदान दुसऱ्याला कळेना. मग ऑक्सफर्डच्या मानसशास्त्रज्ञ डोरोथी बिशप यांच्या पुढाकारानं सहा इंग्रजीभाषक देशांतले पन्नासहून अधिक जाणकार एकत्र आले. त्यात भाषा-उपचार करणारे होते, शिक्षक होते, मानसशास्त्रज्ञ होते, बालरोगतज्ज्ञ होते. प्रत्येकानं आपलं मत लेखी द्यायचं, इतरांची मतं वाचायची, पुन्हा विचार करून पुन्हा मत द्यायचं, अशा फेऱ्या झाल्या. २०१६ आणि २०१७ मध्ये त्यांचे निष्कर्ष छापून आले. ‘डेव्हलपमेंटल लँग्वेज डिसऑर्डर’ हे नाव त्यातून पक्कं झालं. मराठीत आपण त्याला विकासात्मक भाषा विकार म्हणू. इंग्लंडच्या सरे परगण्यात शाळेत नव्यानं आलेल्या मुलांची पाहणी झाली, तेव्हा सुमारे सात टक्के मुलांत हा विकार दिसला. म्हणजे तीस मुलांच्या वर्गात साधारण दोन. स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, याहून वेगळी गोष्ट आहे आणि बहिरेपणाही वेगळा. पण बोलायला उशीर हे लक्षण तिन्हींत दिसू शकतं, म्हणून घरच्यांना फरक कळत नाही.

आता माझ्या भाच्याची गोष्ट सांगतो. आपाची परवानगी घेऊनच सांगतो आहे. पोराचं नाव मात्र लिहीत नाही.

आमच्याकडं मूल चार वर्षं, चार महिने, चार दिवसांचं झालं की त्याची बिस्मिल्ला करतात. नवे कपडे, गळ्यात हार, पाटावर मखमलीचं कापड, पुढं कायदा. मौलानासाब एकेक शब्द म्हणतात, मूल मागोमाग म्हणतं आणि मग मिठाई वाटतात. भाच्याच्या बिस्मिल्लाला आंगण भरलं होतं. मौलानासाबांनी पहिला शब्द म्हटला. पोरानं ओठ हलवले, शब्दाचा पुढचा तुकडा म्हटला आणि मागचा गिळून टाकला. पुढचा शब्द आणखी लांब. तो तर त्याला धरताच येईना. तीनदा प्रयत्न झाला. मौलानासाब शहाणे माणूस, त्यांनी पोराच्या डोक्यावरून हात फिरवून ‘माशाअल्लाह’ म्हटलं आणि दुआ सुरू केली. बायकांमध्ये मात्र कुजबुज झाली. आपाचा चेहरा मी बघत होतो.

पुष्कळ पुढं मला कळलं, की अर्थ माहीत नसलेला लांब शब्द ऐकून जसाच्या तसा परत म्हणणं ही भाषा विकार ओळखण्याची जगभर वापरली जाणारी एक चाचणी आहे. संशोधक त्यासाठी मुद्दाम बनावट शब्द तयार करतात. भाषेची अडचण असलेल्या मुलांना दोन तुकड्यांचा शब्द जमतो, चार तुकड्यांचा जमत नाही. आमच्या आंगणात कुणाला नकळत तीच चाचणी झाली होती.

त्यानंतर सगळे घरगुती उपाय झाले. कुणी वेखंड मधात उगाळून जिभेला लावलं. कुणी पाणी दम करून आणलं. दादी रोज रात्री त्याच्या कानाशी हजरत मूसा यांची दुआ म्हणायची. जिभेची गाठ सुटावी आणि लोकांना आपलं बोलणं कळावं अशी दुआ मूसांनी मागितल्याचं कुराणात आलं आहे. आमच्याकडं अडखळणाऱ्या पोरांना ती दुआ शिकवतातच.

मग दुल्हेभाईंनी त्याला एका मोठ्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. मीही बरोबर होतो. तिथल्या बाईंनी चित्रं दाखवून हिंदीत प्रश्न विचारले. ‘प्यास लगी तो क्या बोलोगे?’ पोर बराच वेळ बघत राहिलं आणि म्हणालं, ‘होना.’ बाईंनी कागदावर फुली मारली. त्यांना ‘पानी चाहिए’ ऐकायचं होतं. आपा म्हणाली, ‘मॅडम, आमच्यात असंच म्हणतात.’ मॅडमनी मान हलवली, फुली तशीच राहिली. शेवटी सल्ला मिळाला तो असा : घरात एकच भाषा ठेवा, शाळेची ठेवा, ही मिक्स भाषा बंद करा. मुलाचं डोकं त्यानं गोंधळतंय.

आपानं तो सल्ला पाळला. आई दुसरं काय करणार? शाळा मराठी ठरली होती, म्हणून घरात मराठी सुरू झाली. आपाला मराठी चांगली येते, दुल्हेभाईंना तर येतेच, त्यांचा धंदाच आडतीवरचा. अडचण झाली दादीची. तिची मराठी बाजारापुरती. भाजीचा भाव करता येतो, पण पोराला मांडीवर घेऊन काय बोलायचं ते तिला मराठीत येत नाही. ती त्याच्यासमोर गप्प राहू लागली. जो माणूस दिवसातले सहा तास पोराशी बोलायचा, तोच मुका झाला. तीन महिन्यांत पोराचे होते तेवढे शब्दही कमी झाले, आणि मराठी तर आलीच नाही.

असे सल्ले आजही दिले जातात, आणि देणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. पण त्याला आधार नाही. कॅनडात जोहान पॅरादिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली एक अभ्यास छापला. तिथं फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही बोलत वाढणारी, भाषेची अडचण असलेली सात वर्षांच्या आसपासची मुलं त्यांनी घेतली. त्यांची तुलना तशीच अडचण असलेल्या पण एकच भाषा बोलणाऱ्या मुलांशी केली. दोन भाषांचं ओझं जर अपायकारक असतं, तर दोन भाषावाल्या मुलांच्या व्याकरणाच्या चुका जास्त दिसायला हव्या होत्या. तशा दिसल्या नाहीत. अडचण दोन्ही भाषांत होती, पण दुसऱ्या भाषेमुळं ती वाढलेली नव्हती. पुढं इतर भाषांच्या जोड्यांवरही काम झालं आणि दिशा तीच राहिली. दोन भाषा ऐकल्यानं हा विकार होत नाही आणि एक भाषा काढून घेतल्यानं तो जात नाही.

बिशप यांच्या गटानंही हेच वेगळ्या बाजूनं सांगितलं आहे. मूल शाळेच्या भाषेत मागं असेल पण घरच्या भाषेत वयाप्रमाणं बोलत असेल, तर त्याला विकार म्हणू नये. त्याला फक्त नवी भाषा शिकायला वेळ हवा आहे. विकार असेल तर तो त्याच्या प्रत्येक भाषेत दिसेल. म्हणून दोन्ही भाषा तपासल्या पाहिजेत.

हे म्हणायला सोपं आहे. करायला किती अवघड आहे ते युरोपला स्थलांतरितांमुळं कळलं. तुर्की बोलणारं मूल जर्मनीच्या शाळेत येतं, अरबी बोलणारं स्वीडनच्या. ते चुकतं ते नवखेपणानं की विकारानं? दोन्हींच्या चुका वरवर सारख्याच दिसतात. हा गुंता सोडवण्यासाठी २००९ ते २०१३ या काळात युरोपातल्या आणि बाहेरच्या अनेक देशांतल्या संशोधकांनी एकत्र काम केलं. इस्रायलच्या शॅरन आर्मोन-लोटेम त्याच्या प्रमुख होत्या. त्यातून जी साधनं निघाली त्यात बनावट शब्द परत म्हणायची चाचणी आहे, वाक्य परत म्हणायची आहे आणि गोष्ट सांगायची आहे. गोष्टीचं साधन मला फार आवडलं. सहा चित्रं असतात. एक चिमणीसारखी पक्षीण पिलांसाठी दाणा आणायला जाते, मांजर झाडावर चढते, कुत्रा येऊन मांजराची शेपटी ओढतो. मुलानं ही गोष्ट आपल्या भाषेत सांगायची. तपासणारा बघतो, कुणाला काय हवं होतं, त्यानं काय केलं आणि शेवटी काय झालं, हा धागा मुलाला धरता येतो का. हा धागा कुठल्याही भाषेत तोच असतो. शब्द आणि व्याकरण मात्र प्रत्येक भाषेत वेगळं तपासावं लागतं, म्हणून हे साधन एकेका भाषेत नुसतं भाषांतर करून चालत नाही, त्या भाषेत नव्यानं बसवावं लागतं.

त्यानंतर २०१५ ते २०१९ मध्ये आणखी एक मोठं जाळं उभं राहिलं. न्यूकॅसल विद्यापीठाचे जेम्स लॉ त्याचे प्रमुख. तीसहून अधिक देशांतली माणसं त्यात होती आणि त्यांचा प्रश्न निदानाचा नव्हता, उपचाराचा होता. कोणत्या देशात अशा मुलांवर कोण उपचार करतं, कुठल्या भाषेत करतं, किती वेळ करतं, आणि ते करण्यामागं पुरावा काय? हजारो थेरपिस्ट आणि शिक्षकांना त्यांनी हे विचारलं. श्रीमंत देशांतही प्रत्येक ठिकाणची रीत निराळी निघाली.

आता दखनीकडं या. ‘मिक्स भाषा’ म्हणून जिच्यावर फुली मारली जाते, तिचं व्याकरण कसं आहे बघा. हिंदीत ‘मैंने रोटी खाई’ म्हणतात. दखनीत ‘मैं रोटी खाया’ म्हणतात. ‘ने’ लागत नाही आणि क्रियापद खाणाऱ्याप्रमाणं चालतं. हिंदीच्या कागदावर तपासलं तर दखनी पोराच्या एका वाक्यात दोन चुका निघतील, आणि ते पोर मात्र आपल्या आईसारखंच, अगदी नियमानं बोलत असेल. ‘होना’ म्हणजे ‘हवं’. ‘नक्को’ तर आपल्या मराठी ‘नको’चाच भाऊ. ‘ऐसाइच’, ‘वइच’ यांतला शेवटचा ‘च’ आमच्या पूर्वजांनी मराठीकडून घेतला आणि परत दिलाच नाही. चारशे वर्षांपूर्वी गोवळकोंड्याच्या मुहम्मद कुली कुतुबशहानं या भाषेत दिवाण लिहिला. औरंगाबादच्या वलीनं तिची कविता दिल्लीला नेली आणि तिथल्या शायरांना आपल्या बोलीत लिहायचा हुरूप आला. तरी आज आमच्याच घरात तिला ‘बिगडी हुई उर्दू’ म्हणतात. दवाखान्यातल्या बाईंना दोष देताना हेही म्हटलं पाहिजे. आम्हीच जिला भाषा मानत नाही, तिच्यासाठी चाचणीचा कागद कोण करणार?

मराठीसाठी थोडं काम झालं आहे. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं डिस्लेक्सिया ओळखण्यासाठी ‘डाली’ नावाचं साधन तयार केलं, ते हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत आहे. पण ते वाचनाच्या अडचणीसाठी आणि शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी. चार वर्षांच्या दखनी पोराला त्यात जागा नाही.

भाच्याच्या बाबतीत पुढं नशीब चांगलं निघालं. लातूरला एका तरुण थेरपिस्ट मॅडमचं नाव कुणी तरी सुचवलं. त्यांनी आधी एकच गोष्ट विचारली, कानाची तपासणी झाली आहे का? झाली नव्हती. ती करून आणायला लावली. कान चांगले निघाले. मग त्या म्हणाल्या, ‘मला तुमची भाषा येत नाही. त्यामुळं पुढच्या वेळी आजींना घेऊन या. त्या मला सांगतील की हा जे बोलतो ते तुमच्यात बरोबर आहे की नाही.’ दादी आयुष्यात पहिल्यांदा कुणाची तज्ज्ञ म्हणून दवाखान्यात गेली. तिनं नवा बुरखा घातला होता.

त्यांच्या पद्धतीत औषध नव्हतं आणि पाढे पाठ करणंही नव्हतं. त्यांनी आपाला घरी पोराशी खेळताना तीन मिनिटांचा मोबाइल व्हिडिओ काढायला सांगितला. मग दोघींनी तो एकत्र बघितला. मॅडम कुठं चुकलं ते सांगत नसत. त्या विचारत, ‘इथं त्यानं काय केलं? मग तुम्ही काय केलंत?’ आपाला आपोआप दिसलं, की तीन मिनिटांत तिनं अकरा प्रश्न विचारले होते. ‘ये क्या है? इसका रंग क्या? बोल ना, बोल.’ पोर एकदा गाडीकडं बोट दाखवून काही म्हणणार होतं, तेवढ्यात पुढचा प्रश्न आला होता. तिथून तिनं प्रश्न कमी केले. थांबायला शिकली. पोर जिकडं बघतं तिकडं बघायचं, ते एक शब्द बोललं की त्यात एक-दोन शब्द घालून परत द्यायचे, आणि हे सगळं दखनीत.

बकरी ईदच्या आधी घरी बकरा आणला होता. पोर तासन्‌तास त्याच्यापाशी. ते म्हणायचं ‘बकरा’. दादी म्हणायची ‘हौ, बकरा पाला खारा’. असं आठ दिवस चाललं. नवव्या दिवशी बकऱ्यानं चाऱ्याला तोंड लावलं नाही, तर पोर धावत आत आलं आणि म्हणालं, ‘दादी, बकरा पाला नै खारा.’ पाच शब्द. आपानं मला फोनवर सांगितलं तेव्हा तिला धड बोलवत नव्हतं.

ही मोबाइलची रीत कुठून आली असेल म्हणून मी शोध घेतला, तेव्हा मला गोवा आणि रावळपिंडीचा अभ्यास सापडला. तो स्वमग्न मुलांवरचा आहे, माझ्या भाच्याला स्वमग्नता नाही, हे आधीच सांगतो. पण मुलाशी संवाद कसा वाढवायचा याचा तो जवळचा नमुना आहे, आणि आपल्याच प्रदेशातला आहे.

मूळ पद्धत मँचेस्टरच्या जोनाथन ग्रीन आणि सहकाऱ्यांची. पालक आणि मूल खेळतात, त्याचं चित्रण होतं, थेरपिस्ट आणि पालक ते मिळून बघतात. इंग्लंडमध्ये १५२ मुलांवर तिची चाचणी झाली आणि २०१० मध्ये निष्कर्ष छापून आले. पण तिथं हे काम शिकलेले भाषा-थेरपिस्ट करत होते. आपल्याकडं तेवढे थेरपिस्ट आणायचे कुठून? लिव्हरपूलचे आतिफ रहमान आणि गोव्यातल्या ‘संगाथ’ संस्थेच्या गौरी दिवाण यांनी सहकाऱ्यांसह ही पद्धत दक्षिण आशियासाठी नव्यानं बसवली. ‘संगाथ’ १९९६ पासून गोव्यात मानसिक आरोग्याचं काम करते. एक केंद्र गोव्यात, दुसरं पाकिस्तानात रावळपिंडीला. तज्ज्ञ नसलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांना प्रशिक्षण दिलं आणि दर पंधरा दिवसांनी एक अशा बारा भेटी सहा महिन्यांत ठरवल्या. २०१३ मध्ये दोन ते नऊ वर्षांची ६५ मुलं घेतली, निम्म्यांना ही पद्धत आणि निम्म्यांना नेहमीचे उपचार.

२०१६ च्या सुरुवातीला ‘लॅन्सेट सायकियाट्री’मध्ये निकाल आला. ज्या आई-बापांना ही पद्धत शिकवली, ते मुलाच्या कलानं जाऊन जास्त बोलू लागले, आणि मुलंही आपणहून आई-बापांशी जास्त संवाद सुरू करू लागली. एक गोष्ट उलटी झाली. दोघांनी मिळून एकाच वस्तूवर लक्ष ठेवण्याचा वेळ कमी झाला. संशोधकांनी तेही लपवलं नाही, आकड्यासकट छापलं. मला या अभ्यासावर विश्वास बसला तो यामुळं.

थोडं थांबून विचार करा. रावळपिंडीतली एक आई आणि गोव्यातली एक आई. एकमेकींच्या देशाचा व्हिसा त्यांना मिळेल की नाही सांगता येत नाही. पण दोघी त्याच पंधरवड्यात त्याच पद्धतीनं आपल्या लेकराशी जमिनीवर बसून खेळत होत्या, आणि दोघींची नोंद एकाच तक्त्यात होत होती. गोव्यात कोकणी, मराठी, हिंदी चालते, रावळपिंडीत उर्दू, पंजाबी. पद्धत सीमा ओलांडून गेली ती भाषा सोडून. म्हणजे मँचेस्टरची इंग्रजी कुणी बरोबर नेली नाही. आईनं कुठली भाषा बोलावी हे त्यांनी ठरवलं नाही, आईनं कसं ऐकावं एवढंच शिकवलं.

मूसांच्या दुआकडं मला पुन्हा जायचं आहे. आम्ही जिभेच्या गाठीपर्यंतच थांबतो. पण त्याच दुआत त्यांनी आपल्या भावाला, हारूनला, सोबती म्हणून मागितलं आहे, आणि हारून आपल्यापेक्षा जास्त स्पष्ट बोलतो असंही त्यांनी म्हटल्याचं कुराणात आहे. बोलताना अडणाऱ्या माणसानं घरातलाच माणूस मदतीला मागितला, आणि तो दिला गेला. दादीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘हौ, ये तो मैं सोचीच नै.’

कायद्यानं आणि सरकारनं काय दिलं आहे, तेही सांगून ठेवतो, कारण पुष्कळ घरांना ते माहीत नसतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झाला, आणि त्याची सुरुवात आपल्याच राज्यात पालघरला झाली. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी त्यात होते. पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येणं अपेक्षित आहे. तपासायच्या तीस गोष्टींत ‘भाषेतला विलंब’ आहे, ऐकण्याचा दोष आहे, स्वमग्नताही आहे. पुढच्या उपचारासाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्राची सोय त्यात धरली आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत. त्यातली ‘वाचा आणि भाषा’ या प्रकाराची व्याख्या स्वरयंत्र काढलेल्या किंवा मेंदूच्या इजेनं वाचा गेलेल्या माणसाला नजरेसमोर ठेवून केलेली आहे. भाच्यासारख्या मुलाला तिचा उपयोग कमी. पण ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’ या प्रकारात बोली भाषा समजण्याची आणि बोलण्याची अडचणही येते. शाळेत सवलत मागायची वेळ आली तर हे वाक्य लक्षात असू द्या.

मुंबईत वांद्र्याला या कामाची राष्ट्रीय संस्था आहे. १९८३ पासून. तिला नाव आहे अली यावर जंग यांचं. हे हैदराबादचे नवाब, उस्मानिया आणि अलीगढ विद्यापीठांचे कुलगुरू, पुढं महाराष्ट्राचे राज्यपाल, आणि त्या पदावर असतानाच १९७६ मध्ये वारले. जुन्या हैदराबाद संस्थानातल्या माणसाचं नाव असलेल्या संस्थेत एक दिवस दखनी मुलांसाठीचं साधन तयार व्हावं, असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी आधी कच्चा माल हवा, आणि तो आपल्याकडं आहे. कुठलीही चाचणी बनवायची तर त्या भाषेत अडचण नसलेली मुलं दोन, तीन, चार, पाच वर्षांची असताना कशी बोलतात हे आधी माहीत लागतं. निलंगा, औसा, उदगीर, देगलूर इथल्या मोहल्ल्यांत अशी शेकडो मुलं आहेत. आपल्यात डी.एड., बी.एड. झालेली पोरं-पोरी आहेत, भाषेत एम.ए. करणारी आहेत. चिमणी-कावळ्याची गोष्ट पोरांना सांगायला लावून ती लिहून काढणं, पालकांच्या संमतीनं रेकॉर्ड करणं, एवढं काम तर एखाद्या कॉलेजचा उर्दू आणि मराठी विभाग मिळून सुरू करू शकतो. जगातली जाळी मोठी असतात, पण ती बाहेरून आमच्या आंगणात येऊन पोरांचं बोलणं लिहून घेणार नाहीत.

भाचा आता तिसरीत आहे. मराठी शाळेत जातो. वाक्यात बोलतो, घरी दखनीत आणि वर्गात मराठीत. गोष्ट सांगताना अजून मधला भाग विसरतो, ‘ती चिमणी’च्या ऐवजी ‘ते चिमणी’ म्हणतो, वाचताना मागं पडतो. मॅडम म्हणतात, हे पुढंही काही वर्षं राहील, सोबत ठेवावी लागेल. सगळं ठीक झालं असं मी लिहिणार नाही.

तुमच्या घरात दोन वर्षांचं मूल दोन शब्द जोडत नसेल, तर ‘त्याचा बापही उशिरा बोलला होता’ म्हणून थांबू नका. पहिल्यांदा कान तपासा. घरची भाषा कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका, ती दखनी असो, बंजारा असो, कन्नड असो की मराठी. कमी विचारा, जास्त थांबा. आणि तपासणीला जाताना दादीला बरोबर न्या.